नानांच्या पाटाला हात लावू नका

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की इतरांच्या घरात उत्साह येतो, माझी राखण सुरू होते. नातसुना हौशी आहेत. डबे घासतात, फडताळं पुसतात, अडगळ काढतात. त्यांनी सगळं घर डोक्यावर घ्यावं, माझी ना नाही. पण मागच्या खोलीतल्या कामाच्या पाटाजवळ कोणी फडकं घेऊन गेलं की मी हातातलं टाकून तिथं जाऊन उभी राहते. त्या पाटावर आता कोणी काम करत नाही. तरी त्यावरची कानस, चिमटा, फुंकणी जिथल्या तिथं असतात, आणि दिवसातून एकदा मी त्यांच्यावरून हात फिरवून घेते. मुलं हसतात. म्हणतात, आजी सोनं शोधते आहे.

या अंकासाठी धंद्यातलं काही लिहा, असं सांगणं आलं तेव्हा मला तो पाटच आठवला. बाकी मी किती डाग, म्हणजे दागिने, घडवले, कोणाच्या लग्नात काय केलं, हे सांगत बसले तर ते मला तरी वाचावंसं वाटेल का, शंका आहे.

जळगावच्या सराफ बाजारामागे एका बोळात आमचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पेढीवाले सोनं विकत, आम्ही ते घडवत असू. हा फरक लोकांना सांगून माझं तोंड दुखलं आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक स्वतःचं सोनं घेऊन यायचं. आईच्या पाटल्या, आजीचा मोडलेला गोठ. ते डोळ्यांसमोर आटवून, म्हणजे वितळवून घ्यायचं आणि त्यातून नवा डाग करून न्यायचं. आणि सोनं आटल्यापासून डाग हातात पडेपर्यंत घरचं कोणीतरी समोर बसून राहायचं. ही आमच्या भागातली रीतच होती. सोनाराचा भरवसा कोणालाच नसतो, सोनाराच्या सोयऱ्यांनाही नसतो. भाकरीचं गाठोडं सोडून माणसं दिवसभर बसत, आणि फुंकणीकडे अशी टक लावत की एखाद्याला वाटावं, आम्ही सोनं फुंकून शेजारच्या घरात पाठवतो. नरडाण्याकडचा एक शेतकरी असा राखणीला बसला आणि चक्क घोरू लागला. जागा झाल्यावर म्हणतो कसा, मी झोपलो होतो तेवढ्यात काय काय झालं ते सांगा. झोप त्याची, संशय आमच्यावर.

माझं माहेर धुळ्याचं, तेही सोनाराचं. आम्ही सगळ्या बहिणीच. त्यामुळे तार ओढायला वडिलांना मीच मिळाले. तार काढायची म्हणजे सोन्याची कांडी ठोकून लांब करायची, तिचं टोक कानशीनं निमुळतं करायचं आणि ते जंतराच्या भोकातून ओवायचं. जंतर म्हणजे पोलादाची जाड पट्टी, तिला ओळीनं लहान लहान होत गेलेली भोकं. पलीकडून टोक सांडशीत पकडून ओढलं की तार थोडी बारीक होऊन येते. मग ती तापवून मऊ करायची, पुढच्या भोकात घालायची, पुन्हा ओढायची. घाई केली की तुटते, घाबरलं की वेडीवाकडी येते. लग्न ठरल्यावर वडिलांनी आपलं जुनं जंतर माझ्या ट्रंकेत साड्यांखाली ठेवलं. त्याच्या शेवटच्या बारीक भोकाच्या काठाला एक खवला निघाला होता. त्यातून ओढलेल्या तारेवर केसासारखी रेघ उमटायची. डोळ्यांना ती दिसत नसे, नखाला लागे. ओपणी दिली, म्हणजे चकाकी आणायला घासलं, की जाई. वडील म्हणाले होते, दोष आहे, पण ओळखीचा आहे.

सासरी आले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. घरात सासरे आणि आमचे हे, दोघंच. सासऱ्यांना सगळा बाजार नाना म्हणायचा. ट्रंक उघडल्यावर त्यांनी ते जंतर उचललं, उजेडाकडे धरून एकेका भोकातून पाहिलं, शेवटच्या भोकाच्या काठावर नख फिरवलं आणि परत माझ्या हातात दिलं. सुनेला कोणी हत्यार परत देत नाही, दुकानाच्या पेटीत टाकतं. मला ते फार आवडलं होतं.

पण आवडलं म्हणून बोलायची सोय नव्हती. आमच्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नसे. पदर कपाळाखाली, आवाज दाराआड. दुकान आणि माजघर यांच्यामध्ये एक उंबरा होता. पहाटेची झाडलोट तेवढी माझी; ती झाली की उंबऱ्याच्या आत. ती झाडलोटही साधी नव्हे. सोनाराच्या केरात सोन्याचा कीस असतो, म्हणून केर बाहेर जात नाही, डब्यात साठतो. दिवसा मी आतल्या खोलीत तार ओढायची, मणी ओवायची. नानांना काही सांगायचं असेल तर ते यांना सांगायचे आणि हे मला, मी समोर दिसत असले तरी.

असं असताना नानांचे डोळे जाऊ लागले आहेत हे पहिल्यांदा कळलं ते मलाच.

सोन्याचे दोन तुकडे जोडायला डाख लावतात. नानांचा डाख दिसत नसे. कडी वळून जोडली की जोड कुठं आहे हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. एकदा त्यांच्या हातच्या कड्या ओवायला माझ्याकडे आल्या आणि बोटाला गाठ लागली. मला वाटलं, घाई झाली असेल. मी कानशीनं ती हलकेच उतरवली. पुढच्या कामात पुन्हा तेच. मग रोजच. नाना उजेडाकडे तोंड करून बसू लागले, मग पाट दाराशी ओढला, मग गुंजांचं वजन यांना वाचायला सांगू लागले. यांना वाटे, नानांना मान मोडून काट्यात बघायचा कंटाळा येतो. पुरुषांना आपल्या बापाविषयी किती कमी दिसतं याचं मला तेव्हापासून नवल आहे.

मी यांना सांगून पाहिलं. त्यांनी एकदा भीतभीत विषय काढला तर नाना ताडकन म्हणाले, माझ्या डोळ्यांना धाड भरलेली नाही. एका फिरत्या वैद्यानं नानांच्या थोरल्या भावाच्या मोतीबिंदूत सुई घातली होती आणि त्यांचा डोळाच गेला होता. ती भीती नानांच्या मनात होती. शिवाय दुसरी होती, तीही खरीच होती. ज्या सोनाराला दिसत नाही त्याच्यापुढे सोनं कोण ठेवील? बोळात कोणी नुसतं कुजबुजलं असतं तरी आमच्या घरातली चूल विझली असती. यांचा हात कारागिरीचा नव्हता. हे खेडोपाडी फिरून काम आणायचे आणि पोचवायचे. घडवणारे नानाच.

मग एक दिवस असा आला की माझी झोपच उडाली. पाटाजवळ दोन वाडगी असत, एक पाण्याचं आणि एक तेजाबाचं. तापवलेला डाग तेजाबात टाकला की काळपट जाऊन उजळ निघतो. नानांनी हात गार करायला बोटं बुडवायची म्हणून पुढे केली, ती तेजाबाकडे. वास नाकात गेला असावा, वीतभर अंतरावरून हात मागे आला. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला काही कळलं नाही. मी दाराआड भिंतीला टेकले.

दुसऱ्या दिवशी झाडलोट झाल्यावर मी पाट माझ्या मनानं लावला. तेजाबाचं वाडगं डावीकडे भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं, त्याच्यापुढे वीट. पाणी उजवीकडे गुडघ्याशी, त्याला लागून कात्री. बारीक कानशीच्या मुठीला सुताचा दोरा गुंडाळला, जाड कानस उघडी ठेवली. चिमटे मोठ्याकडून लहानाकडे नव्हे, तर कामात ज्या क्रमानं हाताला लागतात त्या क्रमानं. सगळ्यात धास्ती तारेची. तारेची वेटोळी खुंट्यांवर टांगलेली असत, एकेका घराची एकेक. सगळी पिवळी, सगळी सारखी. एका घराच्या सोन्यात दुसऱ्याचं मिसळणं हे आमच्या धंद्यात पाप. म्हणून प्रत्येक वेटोळ्याला मी दोरा बांधला आणि दोऱ्याला गाठी मारल्या. एका घराची एक गाठ, दुसऱ्याच्या दोन, अशा.

दाराच्या फटीतून मी बघत होते. नाना बसले, हात पुढे केला, कानस उचलली. दोऱ्यावर अंगठा थांबला. मला वाटलं आता ओरडतील, माझा पाट कोणी हलवला. त्यांनी अंगठा दोऱ्यावरून एकदा खाली आणि एकदा वर फिरवला आणि काम सुरू केलं. संध्याकाळी मी पाहिलं तर प्रत्येक हत्यार मी ठेवलं होतं त्याच जागी परत ठेवलेलं.

आमचं एवढंच बोलणं झालं. तेही हत्यारांतून.

पुढे किती तरी महिने असेच गेले. नानांचा हात सुधारला. लोकांना वाटे, म्हातारा बघतसुद्धा नाही, नुसत्या सवयीनं काम करतो. कौतुक करायचे. मी आत कौतुक ऐकायची आणि देवाला म्हणायची, आजचा दिवस गेला. मांजर दुकानात शिरलं तरी माझा जीव वर यायचा. मांजरानं एखादा चिमटा लोळवला की आमचा संसार लोळला, असे ते दिवस होते.

आणि मांजराऐवजी आल्या आक्का.

आक्का नरडाण्याजवळच्या खेड्यातल्या, शेतकरी घरातल्या. उंच, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट, तोंडात सदा काहीतरी सूचना. त्यांची एकुलती मुलगी बाळंतपणात गेली होती. तिची मुलगी आक्कांनीच वाढवली, आता तिचं लग्न ठरलं होतं. मेलेल्या मुलीच्या पाटल्या आणि गोठ आटवून नातीसाठी सोन्याच्या तारेचा गोफ करायचा होता. गोफ म्हणजे तारा एकमेकींत गुंफून विणलेली गोल साखळी, वेणीसारखी पण भरीव दिसणारी. नानांच्या हातच्या गोफाला सगळ्या खानदेशात नाव होतं. पाटल्या मुशीत वितळू लागल्या तेव्हा आक्कांनी तोंड फिरवलं नाही. एकटक बघत राहिल्या. म्हणाल्या, “मनी आंडेरनं सोनं शे हाई. एक कण बी दुसराना नको, आनि इना एक कण बी जावाले नको.” आंडेर म्हणजे लेक.

बाईमाणूस म्हणून आक्कांना घरातही मुभा होती. तार मी आतल्या खोलीत ओढली तेव्हा त्या माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. दुकानाच्या जंतरावर आदल्याच दिवशी नानांनी एका मारवाडी घराच्या साखळीची तार काढली होती आणि ते दुकानातच खुंटीला घट्ट ठोकलेलं होतं, म्हणून मी माझं धुळ्याचं जंतर घेतलं आणि तार शेवटच्या भोकापर्यंत ओढली. दोन्ही तारा एकाच जाडीच्या. दोन्ही शुद्ध सोन्याच्या. मारवाडी घराच्या दोऱ्याला एक गाठ होती, आक्कांच्या दोऱ्याला मी दोन मारल्या. आक्का म्हणाल्या, दोरा कशाला? मी म्हटलं, ओळखायला. कोणाला, ते त्यांनी विचारलं नाही; वेटोळं स्वतः दुकानात नेऊन खुंटीला टांगलं.

हे त्या दिवशी चाळीसगावला एक डाग पोचवायला गेले होते. दुपारी नाना जेवायला आत आले. मी वाढत होते. आक्का दुकानातच बसून राहिल्या, सोनं सोडून उठायला तयार नव्हत्या. मी मनात म्हटलं, बरं झालं, राखणही झाली. नानांनी रिकामी वाटी पुढे सरकवली, मी ताक ओतलं. ते हात धुवायला गेले तेव्हा मी सहज फटीतून पाहिलं.

पाट आरशासारखा लखलखत होता. आक्कांना रिकामं बसणं ठाऊक नव्हतं आणि पसारा बघवत नव्हता. त्यांनी पदरानं पाट पुसला होता. चिमटे, कानशी, हातोड्या उंचीप्रमाणे ओळीनं लावल्या होत्या. मुठींवरचे मळके दोरे उलगडून टाकले होते. कोनाड्यातलं वाडगं खाली घेऊन पाण्याच्या वाडग्याजवळ मांडलं होतं, तेजाब गुडघ्याशी आणि पाणी पलीकडे. आणि तारेची दोन्ही वेटोळी एकाच खुंटीवर एकात एक नीट अडकवली होती. दोरे नव्हते. आपल्या मुलीचं सोनं राखायला बसलेल्या बाईनं आपल्याच हातानं ते दुसऱ्याच्या सोन्याशेजारी बिननावी करून टांगलं होतं, आणि आपली नजर आहे तिथं दोरा कशाला, अशा समाधानानं भिंतीला टेकून बसली होती.

नाना माझ्या बाजूनं गेले, उंबरा ओलांडला, बसले.

मी बांगड्या वाजवल्या. त्यांनी मान वळवली नाही. मी तांब्या खाली टाकला. नाना आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, “मांजर हाकला.” मी कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांत मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते. समोर बोळ होता, पलीकडच्या ओट्यावर दोन सराफ पान खात बसलेले. मी बाहेर गेले तर सगळ्यांना दिसणार. नुसती मी नाही, नानांचं सगळं दिसणार. न गेले तर हात तेजाबात, नाहीतर आक्कांच्या नातीच्या गळ्यात दुसऱ्याचं सोनं.

नानांचा हात खुंटीकडे गेला. एक वेटोळं काढलं. बोटं दोरा शोधू लागली. सगळं वेटोळं बोटांखालून फिरलं. दुसरं काढलं, तेही फिरलं. त्यांचा चेहरा तसाच होता, पण कानामागची शीर उडत होती. आक्का बघत होत्या. नानांना माहीत होतं की आक्का बघताहेत. मग त्यांनी एक वेटोळं मांडीवर ठेवलं, दुसरं परत अडकवलं आणि उजवा हात कात्रीसाठी पुढे केला. कात्री जिथं असायची तिथं आता तेजाबाचं वाडगं होतं.

मी उंबरा ओलांडला. कसा ते आठवत नाही. खाली बसून आधी वाडगं दूर ओढलं. मग बोलले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

“नाना, थांबा. दोरे सुटलेत. आक्कांची तार धुळ्याच्या जंतरातली आहे.”

मला वाटलं, आता मला आत जा म्हणतील, किंवा त्याहून वाईट, काहीच म्हणणार नाहीत. मग त्यांनी मांडीवरची तार उचलली, डाव्या हातात ताणली आणि उजव्या अंगठ्याचं नख तिच्यावरून सावकाश ओढत नेलं. मान हलवली. खुंटीवरची दुसरी काढली, तिच्यावरून नख नेलं. अर्ध्यावर थांबले. मागे आणलं, पुन्हा नेलं.

“ही,” ते म्हणाले. “ही आक्कांची.”

ती मांडीवरची नव्हती. मांडीवरची मारवाडी घराची होती.

आक्का उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना सगळं कळायला थोडा वेळ लागला. आधी पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग केरात पडलेल्या दोऱ्यांकडे. मग नानांच्या अगदी तोंडाजवळ वाकल्या.

“नाना, तुले दिसस का?”

इतके दिवस मी ज्या प्रश्नाला भीत होते तो हाच होता. मी खाली मान घालून बसले होते. खोटं बोलायला त्यांना जड गेलं नसतं, सवय झाली होती.

“नाही,” नाना म्हणाले.

आक्कांनी त्यांच्या हातातली तार घेतली, पदराच्या गाठीत बांधली आणि बाहेर जाऊन ओट्याच्या पायरीवर बसल्या. पाठ आमच्याकडे. मी त्या पाठीकडे बघत होते. आता उठेल, समोरच्या ओट्यावर जाऊन सांगेल, मग नरडाण्यापर्यंत सगळीकडे सांगेल. तिचं चुकलंही नसतं. मेलेल्या लेकीचं सोनं आंधळ्यापुढे ठेवून मीही गेले नसते. नाना पाटावर एकेक हत्यार चाचपून जुन्या जागी ठेवत होते. दोन ठिकाणी चुकले. ते मला सहन झालं नाही. मी हात पुढे करून चिमटा जागेवर सरकवला. आमची बोटं एकमेकांना लागली. दोघांनीही हात मागे घेतले.

थोड्या वेळानं आक्का परत आल्या. डोळे पुसले होते की घाम, सांगता येणार नाही. नानांशी बोलल्याच नाहीत. माझ्याकडे बोट केलं.

“हाई तुना जोडे बठी, ते मनं सोनं आठे ऱ्हाई. नही ते मी चालनी.”

म्हणजे मी नानांशेजारी, दुकानात, बोळाच्या तोंडावर बसायचं. तेही गोफ पुरा होईपर्यंत. मी नानांकडे पाहिलं नाही, पाहायची रीतच नव्हती. यांना विचारायला हवं, समाज काय म्हणेल, हे सगळं एका क्षणात माझ्या मनात येऊन गेलं. नानांच्याही आलं असणार. ते आपल्या आसनावरून डावीकडे सरकले. माझ्यापुरती जागा झाली. मी पदर हनुवटीपर्यंत ओढून बसले.

तेव्हा सासरे माझ्याशी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, “सूनबाई, तोंड झाकून तार दिसत नाही. पदर मागं घे.”

पलीकडचे सराफ बघत होते. मी पदर मागं घेतला.

गोफ नानांनीच विणला, हे मी आवर्जून सांगते, कारण पुढे लोकांनी तो माझ्या नावावर घातला. मी तारा मोजून, मऊ करून त्यांच्या बोटांत द्यायची, डाख मी लावायची, ते नख फिरवून म्हणायचे, पुन्हा. गुंफण सगळी त्यांची. गोफाला डोळे लागत नाहीत, फक्त कोणती तार कुठं आहे हे ठाऊक असावं लागतं. आक्का रोज समोर बसल्या. पाटाला त्यांनी परत हात लावला नाही, पण बोटं शिवशिवताना दिसायची. शेवटच्या दिवशी गोफ गळ्याशी धरून त्यांनी लेकीचं नाव घेतलं आणि मोठ्यानं रडल्या. मीही रडले. नाना पाण्याच्या वाडग्यात बोटं बुडवून बसून राहिले.

आक्का गेल्यावर माझी खरी धास्ती सुरू झाली. त्या गावात काय बोलतील? रोज सकाळी मी पाट लावायची आणि बोळाच्या तोंडाकडे बघत बसायची. घरात माझ्या पदरावरून वाद झाले, यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मग एके दिवशी नरडाण्याकडचे नवरा-बायको आले. पुरुष नानांच्या पायापाशी बसला, पण बाईनं सोन्याचं गाठोडं छातीशीच धरलं आणि विचारलं, पदर मागं घेऊन बसणारी सून ती हीच का? मी हो म्हटलं. तेव्हा तिनं ते माझ्यासमोर पाटावर ठेवलं.

अशी मी सोनार झाले. लोक हे ऐकून माझं कौतुक करतात. मला मात्र ते गाठोडं नानांसमोरून माझ्यासमोर आलं तेवढंच आठवतं. ते त्यांना दिसलं नाही. पण गाठोडं कुठं टेकलं ते त्यांनी आवाजावरून ओळखलं, आणि हळूच आपले हात मांडीवर घेतले. नाजूक कामं त्यानंतर माझ्याकडेच येऊ लागली. नानांकडे गोफ तेवढे राहिले, मग तेही कमी झाले.

पण पाट शेवटपर्यंत त्यांच्यासाठीच लावला जाई. सकाळी ते आपल्या जागी येऊन बसायचे, हात पुढे करून सगळ्या हत्यारांवरून फिरवायचे आणि विचारायचे, “आहे?” मी म्हणायची, “आहे.” इतक्या वर्षांच्या मुकेपणानंतर आम्हांला एवढंच बोलता आलं, आणि ते पुरलं.

शेवटच्या आजारात ते आतल्या खोलीत अंथरुणावर होते. ओळखत कोणाला नव्हते. एका दुपारी मी पाणी पाजायला गेले तर त्यांचा उजवा हात गोधडीवरून चाचपत चालला होता. इथून तिथं, मग थांबायचा, मग पुढे. कानस, चिमटा, फुंकणी, कात्री. तोच क्रम. गोधडीवर काहीच नव्हतं. बोटं कात्रीच्या जागी येऊन अडली आणि त्यांनी विचारलं, “आहे?”

मी त्यांच्या बोटांखाली माझा हात ठेवला. म्हटलं, “आहे, नाना.”